आप्पा सत्तर वर्षांचे होईपर्यंत

आप्पांची पेन्शन महिन्याला दोन हजार आठशे रुपये आहे. एका सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी काढल्यावर ईपीएस-९५ मधून एवढी मिळते. त्यांच्या काही जोडीदारांना किमान पेन्शन, म्हणजे एक हजारच मिळतात, त्यामुळे पारावर आप्पा नशीबवान समजले जातात. वर्षाचे झाले तेहतीस हजार सहाशे. यंदाच्या दिवाळीआधी आई-आप्पांसाठी आरोग्य विम्याचे आकडे गोळा केले, तेव्हा दोघांच्या मिळून दहा लाखांच्या एका पॉलिसीचा प्रीमियम आला चौऱ्याहत्तर हजार. म्हणजे दवाखान्याची पायरीसुद्धा न चढता दोन वर्षांपेक्षा जास्त पेन्शन एका हप्त्यात गेली.

आप्पा कागदावर ६७ वर्षांचे आहेत, आई ६२ ची. कागदावर म्हणायचं कारण असं, की त्या पिढीतल्या निम्म्या गावासारखा आप्पांचाही जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालाय. आधारवर १ जून १९५८. आजी सांगायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा चांगला दहा-अकरा वर्षांचा होता, गोठ्यातली म्हैस यानंच सोडली. भूकंप डिसेंबर १९६७ चा. म्हणजे खरं वय वर्षभर तरी पुढं असणार. ही गंमत वाटेल, पण पुढच्या सगळ्या हिशोबात हा १ जून येणार आहे.

माझी नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. घर रहिमतपूरला. ‘कंपनीचा विमा आहे की, मग कशाला डोकं खपवतोयस?’ हे मला सगळ्यांनी विचारलं. आहे, आणि तो चांगलाही आहे. पाच लाखांचं कव्हर, आई-आप्पांची नावं घातलेली, त्यांच्या वाट्याचा प्रीमियम माझ्या पगारातून कापला जातो. वैद्यकीय तपासणी नाही, प्रतीक्षा काळ नाही. आप्पांची अकरा वर्षांची शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर. आईवडिलांच्या बिलातला दहा टक्के वाटा आपण भरायचा, एवढीच अट.

फक्त ही पॉलिसी आप्पांच्या तब्येतीवर चालत नाही, माझ्या नोकरीवर चालते. मार्चमध्ये आमच्या टीममधल्या एकाला दुपारी मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा लॅपटॉप जमा झाला. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलेलं होतं. ते पुढं ढकललं गेलं, आणि अजून झालेलं नाही. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, असा नियम आहे. पण तिथं घ्यायचं की नाही आणि किती पैशांत, हे ती कंपनी तब्येत बघून ठरवते. त्याच्या आईचं वय ६९. कोटेशन बघून त्यानं तो विषय सोडला.

त्या दिवशी रात्री मी माझ्या बाजूनं हिशोब मांडायला बसलो. आहे त्याला पूरक असं काय घेता येईल?

पूरक म्हणजे कशाला पूरक?

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या सासूबाई गेल्या वर्षी ६५ च्या झाल्या आणि घरात हाच विषय सुरू झाला. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानं मेडिकेअर आलं. ६५ वर्षं झाली की सरकारी आरोग्य विमा सुरू. पण डॉक्टरांच्या बिलाचा साधारण वीस टक्के वाटा रुग्णाकडं राहतो आणि मूळ मेडिकेअरमध्ये त्याला वरची मर्यादा नाही. ते भोक बुजवायला खासगी कंपन्यांची ‘मेडिगॅप’ पॉलिसी असते. बहुतेक राज्यांत तिचे प्रकार कायद्यानंच ठरवलेले आणि त्यांना अक्षरं दिलेली. ‘जी’ प्लॅन कुठल्याही कंपनीकडून घ्या, मूळ फायदे तेच. फरक फक्त प्रीमियमचा. शिवाय ६५ नंतर मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग सुरू झाला की पहिले सहा महिने कंपनीला तब्येतीचं कारण सांगून नकार देता येत नाही. त्यानंतर मात्र बहुतेक ठिकाणी देता येतो.

बहिणीशी बोलून फोन ठेवला तेव्हा मला तिचा थोडा हेवा वाटला. अमेरिकेतले दवाखाने महागडे, ते आपल्याला नकोत. पण तिथं सरकारी विमा आणि पूरक पॉलिसी दोन्ही एकाच बिलावर बसतात. खाली तळमजला, वर पहिला मजला.

आपल्याकडं तसं नाही, हे मला हळूहळू कळत गेलं.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आधी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरती आणि कुटुंबाला दीड लाखांची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आणि पाच लाखांपर्यंत केली. पांढरं कार्डवालेही त्यात आले. म्हणजे आमच्या घराला आज ती लागू आहे. दुसरी योजना केंद्राची. आयुष्मान भारतमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता ‘वय वंदना’ कार्ड मिळतं. तेही कुटुंबाला वर्षाला पाच लाख. खासगी विमा असला तरी चालतं. वय आधारवरून मोजतात. म्हणून आप्पांना ते मिळणार १ जून २०२८ ला, कोयनेचा भूकंप काहीही सांगो.

दोन्ही योजनांची रीत एकच. यादीतलं हॉस्पिटल, यादीतला उपचार, ठरलेला पॅकेज दर. पैसे सरकारकडून थेट हॉस्पिटलला जातात. पेशंटकडून काही घ्यायचं नाही. फुले योजनेत तर हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, कागदपत्रं तो बघतो.

आता इथं गंमत होते. योजनेतून उपचार घेतले तर तुमच्या नावाचं बिल फाटतच नाही, त्यामुळं खासगी पॉलिसीपुढं ठेवायला काही उरत नाही. आणि यादीबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात तर योजनेचा एक रुपया मिळत नाही, सगळं पॉलिसीवर. म्हणजे सरकारी योजना हा तळमजला नाही आणि खासगी पॉलिसी हा वरचा मजला नाही. ही शेजारशेजारची दोन दारं आहेत. कुठल्या दारानं आत जायचं ते अॅडमिशनच्या खिडकीवर ठरतं, आणि बहुतेकदा ते घाबरलेल्या अवस्थेत ठरतं.

आपलं हॉस्पिटल कुठलं?

आमच्या आजीच्या पिढीत हा प्रश्न सोपा होता. मोठं दुखणं म्हणजे मिरज. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि रहिमतपूर पुणे-मिरज लाइनवर. गाडीत बसलं की थेट मिरज. आज रहिमतपूरचा पेशंट आधी साताऱ्याला जातो, सिव्हिलला किंवा खासगीत. नाहीतर कराडला. आणि मुलगा पुण्यात असला, की पुण्याला.

म्हणून मी कंपन्यांची तुलना थांबवून आधी हॉस्पिटलांची यादी केली. सातारा, कराड, पुणे. घरच्यांना कुठं न्यावंसं वाटेल, ते फुले योजनेच्या यादीत आहे का, त्या विशिष्ट आजारासाठी आहे का (एखादं हॉस्पिटल हाडांसाठी यादीत असतं, हृदयासाठी नसतं) आणि खासगी पॉलिसीत तिथं कॅशलेस होतं का. ही यादी करायला दोन रविवार गेले. पॉलिसीची तुलना करणाऱ्या कुठल्याही अॅपमध्ये हा रकाना नाही. तिथं मुंबई-पुण्याचा पिनकोड टाकला की हॉस्पिटलं शेकड्यानं दिसतात. आमचा टाकला की आकडा एकदम खाली येतो. प्रीमियम त्या प्रमाणात खाली येत नाही.

बारीक अक्षरांचं गणित

मग पर्याय चार उरले.

पहिला, दोघांसाठी स्वतंत्र पूर्ण पॉलिसी, ती चौऱ्याहत्तर हजारांची. दुसरा, ‘आरोग्य संजीवनी’. एप्रिल २०२० पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सगळ्या कंपन्यांना एकसारख्या शब्दांत विकायला लावलेली पॉलिसी. न्यू जर्सीच्या ‘जी’ प्लॅनच्या जवळ जाणारं आपल्याकडं हेच. अटी सगळीकडं सारख्या, फरक प्रीमियमचा. खोलीचं भाडं विमा रकमेच्या दोन टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार, आणि प्रत्येक बिलात पाच टक्के आपले. तिसरा, टॉप-अप किंवा सुपर टॉप-अप. चौथा आप्पांचा: ‘तेच पैसं बँकेत टाक.’

स्वस्त ज्येष्ठ नागरिक पॉलिसीत पैसे कुठं गळतात, ते एका उदाहरणात सांगतो. समजा खोलीची मर्यादा दिवसाला पाच हजार आहे आणि मिळाली आठ हजारांची. पाच दिवसांचं भाडं ४०,०००. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरे १,२०,०००. औषधं, तपासण्या ८०,०००. एकूण २,४०,०००. तुम्हाला वाटेल भाड्याचा फरक पंधरा हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. खोली महाग घेतली म्हणून डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठाला पाच, असा कापतात. औषधं-तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. मंजूर झाले २५,००० अधिक ७५,००० अधिक ८०,०००, म्हणजे १,८०,०००. त्यावर वीस टक्के को-पे. हातात १,४४,०००. पाच लाखांची पॉलिसी असून अडीच लाखांच्या आतल्या बिलात ९६,००० आपले. म्हणून माझा पहिला नियम ठरला: विम्याची रक्कम नंतर, खोलीची अट आणि को-पे आधी.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांच्यात एका शब्दाचा फरक आहे, पण तो लाखांचा आहे. दोन्हींत एक वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम आधी तुम्ही किंवा तुमच्या दुसऱ्या विम्यानं भरायची. समजा वजावट पाच लाख आहे आणि आप्पांना एका वर्षात दोनदा अॅडमिट करावं लागलं, दोन्ही वेळा चार-चार लाखांचं बिल. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. चार लाख पाचाच्या आत, दोन्ही वेळा शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो. आठातून पाच गेले, तीन लाख मिळतात. उतारवयात माणूस एकदाच आजारी पडून थांबत नाही. त्यामुळं साध्या टॉप-अपवर मी तिथंच काट मारली.

वीस लाखांचा सुपर टॉप-अप, पाच लाख वजावट, दोघांचा मिळून प्रीमियम आला एकोणीस हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, त्याचा थोडा हातभार लागला. ज्येष्ठांच्या प्रीमियमची वाढ वर्षाला दहा टक्क्यांच्या वर न्यायची तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा आदेश. पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधताना तो उपयोगी पडला. ८०डी खाली आईवडिलांच्या प्रीमियमवर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. मी नवीन प्रणालीत आहे, त्यामुळं माझ्या तक्त्यात तिथं शून्य.

शुगर लिहायची का?

आकड्यांवर वाद झाला नाही. वाद झाला तो एका रकान्यावर.

पूर्वी ६५ नंतर नवीन पॉलिसी मिळणं अवघड होतं. एप्रिल २०२४ पासून तशी वयोमर्यादा राहिलेली नाही. दार उघडलंय, पण प्रत्येकाला आत घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. एका कंपनीनं आप्पांचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बघून सरळ नाही म्हटलं. दुसरीनं प्रीमियम वाढवून हो म्हटलं.

गावातले एक ओळखीचे एजंट घरी आले. भला माणूस, आप्पांच्या बरोबरीचा. चहा घेता घेता म्हणाले, “शुगर कशाला लिवताय? चार-पाच वर्षं कायबी झालं न्हाई म्हंजे कोण विचारतंय?”

आप्पांना ते पटलं. नकार मिळाल्यापासून ते गप्प होते. तीस वर्षं नटबोल्ट कसणाऱ्या माणसाला कुणीतरी ‘नापास’ म्हणून परत पाठवलं होतं. ते म्हणाले, “बरोबर हाय त्यांचं. गोळी घेतो, साखर ताब्यात हाय. आजार कसला त्यात?”

एजंट म्हणत होते त्याला आधार आहे. सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे न लिहिता घेतलेली पॉलिसी ही पाच वर्षांची पैज. त्या पाच वर्षांत पाय सुजला, किडनी बिघडली, हृदयात काही निघालं, की कंपनी जुने कागद मागवणार, अकरा वर्षांपूर्वीची पहिली चिठ्ठी सापडणार आणि क्लेमबरोबर पॉलिसीही जाणार. लिहिली तर प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि तो आधीच माहीत असलेला.

मी म्हटलं, “आप्पा, लिहिलं तर तीन वर्षं थांबायचं. नाही लिहिलं तर पाच वर्षं घाबरायचं.”

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं कपाटातून रिपोर्टांची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. सगळ्या तारखांच्या क्रमानं लावलेल्या चिठ्ठ्या होत्या. फिटरचं काम.

तीन वर्षांचं भगदाड

मग सगळे तुकडे एका रेषेवर मांडले. सुपर टॉप-अप नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू. आप्पांची शुगर त्यात कव्हर होणार नोव्हेंबर २०२८ पासून. वय वंदना कार्ड १ जून २०२८ ला. म्हणजे आतापासून तिथपर्यंतची साधारण अडीच-तीन वर्षं सगळ्यात उघडी. या काळात शुगरशी संबंधित मोठं दुखणं आलं तर दोनच आधार: माझ्या कंपनीची पॉलिसी आणि फुले योजना. माझी नोकरी टिकली तर दोन्ही दारं उघडी. गेली तर एकच.

म्हणून आम्ही घेतलं ते असं. सुपर टॉप-अप आत्ताच, शुगर, आईचं बीपी, सगळं लिहून, म्हणजे प्रतीक्षेचं घड्याळ कंपनीची पॉलिसी चालू असतानाच सुरू होईल. आप्पांचं म्हणणंही अर्धं मान्य केलं: चौऱ्याहत्तर आणि एकोणीस यांतला फरक, वर्षाला पंचावन्न हजार, वेगळ्या एफडीत. तीन वर्षांत दीड लाखाच्या वर जमतील. पाच लाखांची वजावट त्यातून भरून निघत नाही, हे मला दिसतं. उरलेल्या रकमेसाठी दोन एकरांतलं आलं विकायला लागेल, नाहीतर मला कर्ज काढायला लागेल. पूर्ण झाकणारा पर्याय आम्हाला परवडत नव्हता. परवडणाऱ्यांत भोक कुठं आहे ते माहीत असलेला पर्याय निवडला.

आईचं मात्र वेगळं आहे. सगळ्या गणितात ती दुसऱ्या ओळीत होती. वय वंदना तिला मिळायला आठ वर्षं. गुडघे दोन वर्षांपासून दुखतायत, आणि सांधा बदलण्यासारख्या ऑपरेशनांना पॉलिसीत वेगळा प्रतीक्षा काळ असतो. विचारलं की म्हणते, “आधी ह्यांचं बघ.” तिला न विचारता मी कंपनीच्या पॉलिसीतून तिच्या गुडघ्यांसाठी साताऱ्यात अपॉइंटमेंट घेतली. नोकरी आहे तोवर जे होण्यासारखं आहे, ते करून घ्यायचं. टीममधल्या त्या मित्राच्या आईचं ऑपरेशन एका आठवड्यानं राहून गेलं, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती तयार झाली.

पॉलिसीची पीडीएफ आली तेव्हा मी ती दोघांना समजावून सांगत होतो. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं तासाभरात उत्तर द्यायचं, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, वगैरे. आई ऐकत होती. मग म्हणाली, “सगळं खरं. पण रात्री दोनला काय झालं, तर मी कुणाला फोन करू, आन् कुठं न्यायचं?”

या प्रश्नाला माझ्या एकाही रकान्यात उत्तर नव्हतं. मग वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं. पहिलं: १०८ ला फोन. दुसरं: गल्लीतल्या गाडीवाल्या दोन पोरांचे नंबर. तिसरं: छातीत दुखलं तर कुठलं हॉस्पिटल, हाड मोडलं तर कुठलं. चौथं: खिडकीवर काय सांगायचं. माझी नोकरी असेल तर कंपनीचं कार्ड आधी, नसेल तर रेशनकार्ड, आधार आणि आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारायचं. सुपर टॉप-अपचा नंबर खाली. कार्डांच्या झेरॉक्स सोबत.

आप्पांनी ते पान वाचलं, पेन मागितलं आणि स्वतःच्या नावापुढं कंसात लिहिलं: शुगर, अकरा वर्षं.